तांबूस सुताराचं गोत्र

“म्हणजे जाईला तुम्ही एक शब्दही बोलणार नाही?”

बुवा दाढीवरून हात फिरवत राहिले.

“तिनं छापून आणलंय, बुवा. तुमचं नाव घेऊन. तुम्ही जन्मभर चुकीचं शिकवलंत, असं.”

“चुकीचंच होतं.”

“प्रश्न तो नाही!” त्रिविक्रम आठलेकर म्हणाला. मग प्रश्न नेमका कोणता, हे चटकन न सुचल्यामुळे त्याने घसा खाकरला. अगदी बुवांसारखा.

बुवा म्हणजे पूर्वीचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मसुरकर. निवृत्त झाल्यावर, जन्मभर जमवलेले कापूस भरलेले पक्षी घेऊन ते घाटाखालच्या या देवराईत आले आणि देवळामागच्या धर्मशाळेत अभ्यासघर थाटून राहू लागले. गावाने त्यांची दाढी पाहिली आणि त्यांना बुवा करून टाकलं. त्यांनी हरकत घेतली नाही. आता नजर जवळजवळ गेली होती. हा संग्रह आणि हे अभ्यासघर कोणाच्या स्वाधीन करायचं, ते दिवाळीच्या आत ठरवायचं होतं.

त्रिविक्रमने ते मनातल्या मनात केव्हाच ठरवलं होतं. आड येत होती ती एकटी जाई धुरी. त्याच्या पाठोपाठ बुवांकडे शिकायला आलेली.

आणि तिच्यामागोमाग तो पक्षी.

तांबूस सुतार आपल्याकडच्या जंगलातला. विटकरी अंग, त्यावर काळे पट्टे, डोक्यावर विस्कटलेला तुरा. असेच तुरेवाले सुतार समुद्रापार दक्षिण अमेरिकेत आहेत. शास्त्र त्यांना सेलियस म्हणतं. शास्त्रातला हा गट बुवा वर्गात सांगताना त्याला सरळ गोत्र म्हणत. रूप जुळलं म्हणून जुन्या जाणत्यांनी आपला सुतारही त्याच गोत्रात घातला होता, आणि बुवांनी ते कसं बरोबर आहे हे आपल्या ग्रंथात ऐसपैस पटवून दिलं होतं.

जाईने रूप बाजूला ठेवलं आणि रक्त तपासलं. समुद्रापारच्यांशी जवळचं नातं निघेना. खरे भाऊबंद निघाले आशियातलेच, दिसायला बरेच वेगळे.

“तिला भक्ती ठाऊक नाही,” त्रिविक्रम म्हणाला. “तुमच्या पाया पडताना कधी पाहिलंत तिला? तुमच्यासमोर बांगड्याचं तिखलं ओरपते. दर वाक्याला विचारते, ‘कशावरून?’”

“विचारते खरी.”

“आणि मी?”

“तू नाही विचारत.”

त्रिविक्रमला हे प्रशस्तिपत्रक वाटलं. तो ताठ बसला.

तेवढ्यात मागच्या दाराने गुरवीण सगुणाबाई पेजेचं भांडं घेऊन आल्या. त्रिविक्रमची पाठ त्यांच्याकडे होती. बुवांसारखंच खादीचं बिनबाह्यांचं जाकीट, मानेवर रुळणारे तसेच केस.

“बुवानूं, पेज ठेवलंय हां. निवात नाय तर...” त्या पुढे आल्या आणि थबकल्या. “अगे बाय माझे! ह्ये न्हय बुवा! पाठसून अगदी तेच दिसतास हो!”

त्रिविक्रमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्याला पदवीदान समारंभातही लाभलं नव्हतं. सगुणाबाई हसत निघून गेल्या.

बुवा हसले नाहीत.

“त्रिविक्रम, कपाटातून दोन्ही काढ. आपला आणि तिकडचा.”

त्याने दोन पक्षी आणून बुवांच्या मांडीवर ठेवले. एक याच घाटातला. दुसरा ब्राझीलचा, कोण्या संग्रहालयाने अदलाबदलीत पाठवलेला.

“कसे दिसतात?”

“सख्खे भाऊ, बुवा.” त्याने दोन्ही तुरे नीट केले. “कोणीही सांगेल.”

“मीही तेच सांगितलं होतं...”

बुवांनी घाटातला पक्षी उचलला. त्यांची बोटं पोटावरून शेपटीकडे, शेपटीवरून पायाकडे गेली. पायाला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली होती. बोटांनी ती चाचपली. मग दुसऱ्या पायाशी गेली. परत पहिल्याशी आली.

“एकच आहे.”

त्रिविक्रमचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला.

“ही माझी. जाईने नवं नाव लिहून बांधली होती, ती कुठे?”

या धंद्यात एक नियम आहे. नाव बदललं तर नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी बांधायची. आधीच्याची चूक असो वा नसो, पक्ष्याच्या पायावरून कोणाचीच चिठ्ठी काढायची नाही. बुवा पहिल्याच तासाला हे सांगत, आणि मोडणाऱ्याला त्या दिवसापासून कपाटाला हात लावू देत नसत.

“मी कापली,” त्रिविक्रम म्हणाला.

बुवांनी पक्षी मांडीवर ठेवला.

“तुमच्यासाठी, बुवा! तुमच्या नावाशेजारी तिचं नाव मला बघवेना.”

बाहेर देवराईत कुठेतरी सुकल्या खोडावर चोच वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

बुवांनी हात पुढे केला.

त्रिविक्रमने जाकिटाच्या खिशातून चिठ्ठी काढली. दोरा कात्रीने तुटलेला होता. बुवांनी चुरगळलेला कागद मांडीवर ठेवून अंगठ्याने सपाट केला. नवा दोरा ओवायला गेले. दोरा छिद्रातून निसटला... पुन्हा निसटला.

त्यांनी पक्षी, चिठ्ठी आणि दोरा त्रिविक्रमपुढे धरला.

“बांध.”

“मी?”

“बांध.”

त्याने बांधली. मसुरकरांच्या नावाशेजारी धुरीचं नाव. गाठ नीट बसेना, तेव्हा त्याने सोडवून पुन्हा बांधली. हे काम त्याला उत्तम येत असे. आज वेळ लागला.

“कपाटाची किल्ली?” बुवा म्हणाले.

त्याने किल्ली काढून पेजेच्या भांड्याशेजारी ठेवली. आपल्याला पुन्हा हे कपाट उघडता येणार नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही.

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

“ती संध्याकाळी येईल?”

“येईल.”

“तिला देणार सगळं?”

“हो.”

त्रिविक्रमने घसा खाकरायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. मग जो आवाज आला तो बराच लहान होता. बुवांनी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.

“इतकी वर्षं तुमच्या पायाशी बसलो... मग मी तुमचा कोण, बुवा?”

बुवांनी विझत चाललेले डोळे आवाजाच्या दिशेने वळवले.

“माझं एक तरी म्हणणं खोडून ये,” ते म्हणाले. “मग विचार.”