सगळं ठीक

भूल देणाऱ्या डॉ. मोकाशीबाई म्हणाल्या, "ऑपरेशनभर कॉम्प्युटर टिपतो ती नोंद पेशंटबरोबर वॉर्डात पाठवू या." मोठे सर्जन डॉ. पारसनीस भर मीटिंगमध्ये कडाडले, "कशाला ती थेरं? 'सगळं ठीक' म्हणायचं. वॉर्डला तेवढं पुरतं!"

पुढे पारसनीसांचंच पित्ताशय काढावं लागलं. शुद्धीवर येतायेता त्यांच्या कानांवर आलं, मोकाशीबाई वॉर्डच्या सिस्टरना सांगत होत्या, "सगळं ठीक."

"एवढंच?" पारसनीस खाटेवरूनच गरजले. "बीपी किती उतरलं? दुखण्यावर काय दिलंय? पुन्हा कधी द्यायचं?"

"वॉर्डला तेवढं पुरतं ना, सर?"

पारसनीसांचा चेहरा उतरला. "अहो मॅडम, ती नोंद आणा आधी!"

"तुमची केव्हाच सिस्टरच्या हातात दिलीय," बाई हसल्या. "आता बाकीच्या पेशंटांचं बोला."