भिमूआण्णाचं मोकळं मैदान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुंभवेसच्या स्टेडियमला तेव्हा गॅलरी नव्हती. मुरमाचा ट्रॅक होता आणि त्याच्या आत फुटबॉलचं मैदान. ते राखायला होता भिमू माळकर. सगळे त्याला भिमूआण्णा म्हणत.

आण्णानं मारलेली चुन्याच्या फक्कीची रेघ पावसातही पुसत नसे, असं म्हणतात. त्याचा एकच नेम होता. भालाफेकीआधी तो अनवाणी अख्खं मैदान चालायचा, कुणी आत नाही हे बघायचा आणि मग ओरडायचा, "मोकळंऽ!" त्या शब्दाशिवाय कुणी भाला उचलत नसे.

एका वर्षी स्पर्धेला पाहुणे उशिरा आले. ऊन कलायला लागलं. स्पर्धेच्या चालकांनी ठरवलं, एका अंगाला फुटबॉल, दुसऱ्या अंगाला भाला, दोन्ही एकदमच उरकू. आण्णा नको म्हणाला. चालक खेकसले, "आण्णा, पाव्हणं निघालं! म्हण की मोकळं!" आणि आण्णा, चुन्याच्या पाटीशी उभा होता तिथूनच, न चालता म्हणाला, "मोकळंऽ!"

चेंडू रेघेबाहेर गेला होता. तो आणायला धावला केरबा, डाव्या बगलेला खेळणारा पोरगा, राजाक्काचा एकुलता एक. भाला त्याला लागला आणि तो तिथंच गेला.

गावानं वाऱ्याला दोष दिला. चालकांनी नशिबाला दिला. राजाक्का मात्र तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर आली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "भिमू, त्या दिवशी चाललावतास का रं?"

आण्णानं नुसती नकाराची मान हलवली.

"मग आता चाल," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून आण्णा रोज चालला. स्पर्धा असो नसो, ताप असो, पाऊस असो. तळपाय फाटले, रेघांवर रक्ताचे ठिपके पडायचे. पण मोकळं हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही. तो नुसतं निशाण वर करायचा. अशी तीस वर्षं गेली. बिचाऱ्याला कुणी थांब म्हणालं नाही, ही आपल्या गावाची लाज.

शेवटी त्यानं खाट धरली. महिनाभर पाय हलेना. नेमकी त्याच दिवसांत स्पर्धा आली, आणि मैदान कुणीच चाललं नाही. राजाक्काला तेव्हा धड दिसत नव्हतं. दर वर्षीप्रमाणे केरबा पडला त्या जागी फूल ठेवायला ती वाट चाचपत निघाली, आणि तिकडून भाला सुटला.

तेवढ्यात साऱ्या मैदानानं आण्णाचा आवाज ऐकला, "मोकळं न्हाईऽ!" भाला हवेतच थबकला आणि राजाक्काच्या पुढ्यात उभा रुतला, असं म्हणतात.

लोक आण्णाच्या घरी धावले. तो खाटेवर होता, प्राण नुकताच गेला होता. पांघरूण सारलं तर दोन्ही तळपाय फक्कीनं पांढरे, ओले. मागून आलेल्या राजाक्कानं ते पाय चाचपले. "चाललास की रं, भिमू," ती म्हणाली, आणि तीस वर्षांनी पहिल्यांदा रडली.

आज तिथं गॅलरी आहे, दिवे आहेत. पण अजूनही भाला उचलणारा खेळाडू आधी मोठ्यानं विचारतो, "चाललावतास का?" कुणीतरी अनवाणी मैदान चालून येतं आणि तळपाय दाखवतं. पाय पांढरे नसतील, तर भाला खाली ठेवतात.