ओटीचा नारळ

“मेलेल्या बाईची चौकशी आता कशाला, आक्का? मारणारा तर तुरुंगात बसलाय!”

शेवंताला तिच्या नवऱ्यानं मारून टाकलं, तेव्हापासून मठातल्या गोदाक्का गावातल्या एकेकाला बोलावून विचारत होत्या... काय पाहिलंत, काय ऐकलंत? गाव कावलं होतं. असं म्हणणारा त्यांचा शिष्य विश्वंभर तर जास्तच. बिघडलेले संसार सांधण्यात त्याचा हातखंडा, आणि त्याचा तोराही भारी!

“तूच सांग, शेजारीण काय म्हणाली?” आक्कांनी त्याला विचारलं.

“आदळआपट ऐकू यायची म्हणे. मग ती टीव्हीचा आवाज वाढवायची.”

“दुकानदार?”

“शेवंता दुकानात यायची बंद झाली होती. सामान नवराच न्यायचा. तिचा फोनही त्याच्याच खिशात.”

“आणि आपण?”

विश्वंभर चुळबुळला. “आपलं काय त्यात? रडत आली होती. मी समजूत घातली, ओटी भरली, सुखानं नांद म्हणालो. रीतच आहे ती.”



दारात मोटारसायकलचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. कावेरीचा नवरा तिला न्यायला आला होता. ती सकाळपासून मठातल्या खांबाला टेकून बसली होती, ओठ सुजलेला. तिच्या पाठवणीसाठी विश्वंभरनं ताटात खण, तांदूळ, नारळ मांडूनही ठेवले होते.

“कावेरी, तुझा फोन कुठंय गं?” आक्कांनी विचारलं.

“त्यांच्याकडं.”

“आणि बाजारहाट?”

“तेच करतात. मला... बाहेर सोडत नाहीत.”

हेच, अगदी हेच तर विश्वंभरनं आत्ता स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं! उचललेलं ताट त्यानं परत खाली ठेवलं. बाहेर हॉर्न काही थांबेना.

“आक्का, तो दंगा करील हो. काय सांगू त्याला?”

आक्का उठल्या. ताटातला नारळ घेतला आणि पायरीवर आपटला.

“अहो आक्का!” विश्वंभर ओरडलाच. ओटीत नारळ घालायचा तो अख्खा. फुटका कोण घालतं?

पाणी पायरीवरून ओघळलं. आक्कांनी एक भकल कावेरीच्या हातात दिलं. “खा, बाळ. रात्री माझ्याजवळ झोप.”

मग त्या विश्वंभरकडे वळल्या.

“जा, सांग त्याला. रिकाम्या ओटीनं लेक पाठवायची मठाची रीत नाही.”