निर्गुडीचं कुंपण

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांनी आपल्या शिष्याला सांगितलं, "औषधी बागेत गुरं शिरतात. निर्गुडीचं कुंपण लाव. ते दाट झालं की तुला रोग्यांना औषध द्यायला बसवीन."

शिष्य हरखला. इतकी वर्षं मुळ्या कुटण्यात आणि काढे उकळण्यात गेली होती. आता औषध द्यायला बसायचं म्हणजे केवढा मान! निर्गुडीची लक्षणं त्याला तोंडपाठ होती : एका देठाला तीन किंवा पाच पानं, खालची बाजू पांढुरकी, फुलं निळसर जांभळी, आणि पान चुरगळलं की उग्र वास. पावसाच्या तोंडावर तो रोपं शोधायला निघाला, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या गोजराबाईच्या परसात त्याला जुनं, भरदार झुडूप दिसलं. म्हातारीने हाक मारली, "घे की लेकरा, लागतील तेवढ्या काड्या घे."

काड्या कापून भागलं असतं. पण मुळासकटचे फुटवे लवकर धरतात, म्हणून या पठ्ठ्याने कुदळ मागितली आणि सगळं झुडूप खणून काढलं. गोजराबाई खड्ड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. येईल पुन्हा." रोपं कुठून आणली, असं वैद्यबुवांनी विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मिळवली, गुरुजी."

कुंपण धरलं. दुसऱ्या पावसानंतर ते छातीपर्यंत आलं. एक पान कुणी तोडलं तरी शिष्याचा जीव खालीवर होई. येणाऱ्या दसऱ्याला गुरुजी कुंपण बघणार होते.

एका सायंकाळी, दिवेलागणीला, गोजराबाई काठी टेकत कुंपणाशी आली. वैद्यबुवा रोगी पाहायला परगावी गेले होते. तिचे गुडघे टम्म सुजले होते. "चार डहाळ्या दे रे बाळा. शेक घेईन म्हणते. आज पाऊलच उचलेना."

ही कोण, हे शिष्याने ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच त्याचा आवाज चढला. "आजी, सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावत नाहीत. झाडं झोपतात. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

"खरंच की," म्हातारी ओशाळली. "माझ्या ध्यानातच राहिलं नाही बघ." आणि आली तशी परत फिरली. नियम काही खोटा नव्हता, शिष्याने मनाला बजावलं. तरी त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी उठून पाहतो तो काय! वैद्यबुवा हातात कोयता घेऊन फाटकाजवळचं कुंपण, जे सगळ्यांत डौलदार होतं तेच, सपासप कापत होते. गुडघ्याएवढे खुंट तेवढे मागे राहिले.

"गुरुजी, हे काय केलंत! आता हे दाट कधी होणार?" शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वैद्यबुवांनी पाला गोळा करून बांधला. पाल्याचा भारा त्याच्या डोक्यावर ठेवला, कापलेल्या काड्या आणि कुदळ स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले. वाडीची वाट दिसली तसा शिष्य मागे मागे राहू लागला. परसात तो खड्डा तसाच होता. त्यात काहीही उगवलं नव्हतं.

गोजराबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. भारा पाहताच तिने कपाळाला हात लावला. "अगोबाई, एवढा पाला! आणि पोराला रागावू नका हो, बुवा. तो बरोबरच बोलला. मीच अवेळी गेले."

ते ऐकून शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

खड्ड्यापाशी गुडघे टेकत वैद्यबुवा हळू आवाजात बोलले. "काल परतताना ही मला वाटेत दगडावर बसलेली दिसली. हात धरून घरी आणली, तेव्हा हा खड्डा पाहिला. खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तिने सगळं सांगितलं. बाळा, निर्गुडीची सगळी लक्षणं तू पाठ केलीस. तिला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून आपण तिचं कुंपण करतो. माणसाच्या मात्र ती कामी येते. तुझ्या कुंपणाने गुरं अडवली, ते ठीक. पण जिच्या परसातून ते आलं, तिलाही अडवलं. झाडाची झोप तुला काल सायंकाळी आठवली. मुळं खणताना त्याचा जीव नाही आठवला. आणि निर्गुडी कापल्यानेच दाट होते, रे. जपून ठेवलेली वरवर उंच वाढते, बुडाशी उघडी पडते. दसऱ्याला मी बुडाशीच पाहिलं असतं."

शिष्याने कुदळ उचलली. त्याने खड्डा भुसभुशीत करून काड्या लावल्या, पाणी घातलं. मग चुलीवर तवा ठेवला, पाला गरम केला, फडक्यात बांधला आणि म्हातारीचा गुडघा शेकू लागला. मान मात्र त्याला वर करता येईना.

"आजी," शेवटी तो कसाबसा म्हणाला, "त्या दिवशी मी सगळंच खणून नेलं. आणि काल तुम्हाला ओळखूनही हाकललं."

"ठाऊक आहे रे," गोजराबाई म्हणाली. "जरा डावीकडे शेक. तिथे जास्त ठणकतंय."

तो डावीकडे शेकू लागला. दसरा आला आणि गेला. औषध द्यायला कधी बसू, असं त्याने विचारलं नाही. रोज सायंकाळी, सूर्य मावळायच्या आत, तो पाला घेऊन वाडीची वाट धरी.

कुंपण घालणाऱ्याने त्याची रोपं कुणाच्या परसातून आली, तेवढं विसरू नये.