राणीच्या मनगटाचं माप

फार फार पूर्वी, दोन मोठ्या राज्यांच्या चिमटीत सापडलेलं एक लहानसं राज्य होतं. तिथे एक राणी होती, आणि तिच्या राजवाड्यामागच्या आळीत एक कासारीण राहत होती. राणी मनातलं कुणाला सांगत नसे, आणि कासारणीच्या तोंडात तीळ भिजत नसे.

कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची सोयरीक मोडली, सगळं हिला आधी कळायचं. यात तिचा दोष तरी किती म्हणायचा? बांगड्या भरताना बाईचा हात हातात असतो, आणि हात असा कुणाच्या हातात असला की बाई आपोआप बोलायला लागते.

पण एका गोष्टीचा थांग काही तिला लागत नव्हता. राणी लग्न का करत नाही?

राणीचा भाऊ राजा होता. तो अचानक गेला आणि तेविसाव्या वर्षी ही गादीवर बसली. तेव्हा दोन्ही शेजारी राजे फौजा घेऊन आले होते. कासारणीचं दुकान घोड्यांच्या टापांखाली गेलं, आणि आळीत काचांचा असा खच पडला की महिनाभर कुणी पोरांना अनवाणी बाहेर सोडलं नाही. मग दोन्ही राजांनी राणीला मागणी घातली. राणी "नाही" म्हणाली नाही, "हो"ही म्हणाली नाही. फौजा माघारी गेल्या. जे लग्नात आंदण मिळेल त्यासाठी लढायचं कशाला?

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. बोलणी करायला आलेले दोन्ही राजांचे वकील धर्मशाळेतच म्हातारे व्हायला लागले होते.

त्या मुलखात रीत अशी, की नवरी सासरच्या मुलखाच्या बांगड्या भरते. घाटावरच्या राजाकडे लाखेच्या लाल, दर्याकाठच्या राजाकडे काचेच्या हिरव्या. आणि राणी काय करी? पाडव्याला लाखेच्या भरी, दसऱ्याला काचेच्या. पाडव्याला घाटावरचा वकील मिशीला पीळ देई, दसऱ्याला दर्याकाठचा वकील पेढे वाटी. लग्नाचा मुहूर्त मात्र निघत नसे.

"अगं, एवढा तिचा हात तुझ्या हातात असतो," शेजारची तेलीण म्हणायची, "आणि तुला इतकंही कळू नये?"

"हात असतो गं," कासारीण म्हणायची. "पण मन काय मनगटात असतं?"

बाराव्या वर्षीच्या पाडव्याला ती नेहमीसारखी लाखेच्या बांगड्या घेऊन राजवाड्यात गेली. एरवी राणीचा हात दाबून, बोटं जुळवून, तेल लावून बांगडी चढवावी लागे. या वेळी पहिलीच बांगडी सर्रकन आत गेली. थेट कोपरापर्यंत.

कासारणीने वर पाहिलं. राणीने पदर हातावर ओढून घेतला.

"उन्हाळा बाधलाय, मावशी."

"हो ना, बाईसाहेब. उन्हाळ्यात उतरतातच हात," कासारीण म्हणाली. पण असे हात तिने आजवर दोनदाच पाहिले होते, आणि दोन्ही बायका मोठ्या दुखण्यात होत्या. तिने लहान मापाच्या बांगड्या काढल्या आणि मुकाट्याने भरल्या.

परत येताना तिला एकच घोर लागला. राणी आतून खंगत चालली आहे आणि गादीवर बसण्याच्या वयाचा वारस नाही, हे वकिलांना कळलं तर? मग लग्नासाठी कोण थांबेल? पुन्हा फौजा, पुन्हा टापा, पुन्हा काचा.

"काय गं, काय कळलं?" तेलीण दारातच उभी.

ओठावर आलेलं कासारणीने गिळलं. "लाल भरल्या," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. न सांगितलेली गोष्ट पोटात केवढी जागा अडवते, ते तिला पहिल्यांदाच कळलं.

चार दिवसांनी घाटावरचा वकील दुकानात आला. हसतमुख माणूस, बोलणं खडीसाखरेसारखं.

"कासारीणबाई, आमचे महाराज अक्षय तृतीयेला राणीसाहेबांना सोन्याचे तोडे देणार आहेत. सोनाराकडे जुनं माप आहे. तेच चालेल ना? तेवढं सांगा, बाकी काही विचारत नाही."

बाकी काही विचारायचं राहिलंच नव्हतं! राजवैद्याची पालखी राजवाड्यात वरचेवर जाते, हे त्याच्या कानावर गेलं असणार. आजवर कासारणीने कुणाला चुकीचं माप सांगितलं नव्हतं. तेवढाच तिचा अभिमान. पण तिला काचांचा खच आठवला.

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण जीभच ती! "उलट जरा घट्टच होतील हो. बाईसाहेबांची तब्येत सुधारलीय ना!"

वकील खूश होऊन गेला आणि कासारणीने कपाळावर हात मारून घेतला. आता तोडे जुन्या मापाहून मोठे येणार, आणि ते भर दरबारात त्या काडीसारख्या हातात घालायचे!

अक्षय तृतीयेला दरबार भरला. दोन्ही वकील पुढे बसले. तबकात तोडे आले, चांगले बोटभर मोठे. राणीने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. हात वर केला की तोडे कोपराला, खाली सोडला की जमिनीवर.

"आमच्याकडे बाईमाणसाने आपल्या हाताने काही घालून घ्यायची रीत नाही," कासारीण मोठ्याने म्हणाली. "कासारीण कशाला आहे?" आणि ती पुढे येऊन बसली.

तिने राणीचा हात दोन्ही हातांत असा झाकून धरला की कुणाला नीट दिसू नये. मग तोडा बोटांवर टेकवला आणि जोर लावल्याचं सोंग केलं. कपाळावर आठ्या, दातांत ओठ.

"हात सैल सोडा, बाईसाहेब. फार घट्ट जातायत."

राणीने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"हळू, मावशी! दुखतंय," राणी म्हणाली.

"सोसायचं हो थोडं. सोनं काय फुकट येतं?"

दरबारात हशा पिकला. दोन्ही हातांत तोडे चढले. मग कासारणीने पदराखालून दोन लाखेच्या बांगड्या काढल्या, फारच लहान मापाच्या. "पुढे लाख हवीच, नाहीतर नुसतं सोनं शोभत नाही," म्हणत तिने त्या खरोखरच जोर लावून, तेल चोळून, तोड्यांच्या पुढे चढवल्या. आता मात्र राणीच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. त्या घट्ट बांगड्यांनी तोडे जागच्या जागी अडवून धरले.

राणीने हात खाली सोडले आणि मान लववून दरबाराला नमस्कार केला. तोडे तसूभर हलले नाहीत. घाटावरच्या वकिलाने सुटकेचा श्वास सोडला आणि मिशीला पीळ दिला.

पाच महिन्यांनी दसरा आला. राणी दरबारात आली ती एका मुलीचा हात धरून. ती तिच्या भावाची मुलगी. बाप गेला तेव्हा सहा वर्षांची होती, आणि त्या राज्यात अठरा पुरी झाल्याशिवाय गादीवर बसता येत नसे. बारा वर्षं राणीने दोन राजांना आशेवर ठेवलं होतं ते याचसाठी. तेवढ्यात भाची वाढली, आणि शहराचा तटही. दोन्ही वकील दुसऱ्या दिवशी आपापल्या वाटेने गेले.

भाचीचा अभिषेक झाला. कारभाराचं ओझं उतरलं, वैद्याचं औषध लागू पडलं, आणि जुन्या राणीचा हात हळूहळू पुन्हा भरायला लागला. पुढच्या पाडव्याला तिने कासारणीला बोलावलं.

"मावशी, तुम्ही माझं माप सांभाळलंत. आता एक काय ते विचारा. खरं सांगेन."

कासारणीला काय विचारायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. बारा वर्षं तिने तोच प्रश्न जपला होता.

"बाईसाहेब, त्या दोघांपैकी मनातून कुणी आवडला होता का हो?"

राणी हसली. वाकली, आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

कासारीण घरी आली तेव्हा तेलीण उंबऱ्यावरच होती. "सांग ना गं! काय म्हणाली?"

"हात भरलाय हो चांगला," कासारीण म्हणाली आणि दुकान उघडायला गेली. पुढे आयुष्यभर तिने ते कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर, बघा ना, तुम्हाला आम्हालाही ते ठाऊक नाही!

तात्पर्य: दुसऱ्याचं जाणून घ्यावंसं कुणाला वाटत नाही? पण ज्याने विश्वासाने हात आपल्या हातात दिला, त्याचं माप बाजारात सांगू नये.