पिंडाला न शिवलेला कावळा

फार पूर्वी शूर्पारक बंदरी विशाख नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या बंदराचे वेलापाल होते. वेलापाल म्हणजे किनाऱ्याचा रखवालदार. त्या राज्यात एक जुना रिवाज होता. समुद्राने बाहेर टाकलेली वस्तू पौर्णिमेपर्यंत कोणी मागितली नाही, तर ती राजाची व्हायची, आणि तिच्यातला एक वाटा वेलापालाला मिळायचा. म्हणजे बघा, वादळाने गावाचे वाटोळे व्हावे आणि वेलापालाचे घर भरावे! आधीचे वेलापाल याच रिवाजावर गब्बर झाले होते. वादळ झाले की पौर्णिमेपर्यंत ते तोंडातून अक्षर काढीत नसत. मागणाऱ्याला कळलेच नाही, तर तो मागणार कसा?

एका वर्षी शुद्ध पंचमीला असे वादळ झाले की किनाऱ्यावरची एक झोपडी धड राहिली नाही. दुसऱ्या दिवशी वाळूवर पाळणे, उखळी, जाळी, माणसांच्या पेट्या यांचा खच पडला. जिवंत राहिलेल्या शेळ्या आणि कुत्री भेदरून कुठेही धावत होती. बोधिसत्त्वांनी भरतीच्या रेषेवर उंच जागी मांडव घातला, सगळे गोळा केले, जनावरांना चारापाणी दिले आणि गावोगाव दवंडी पिटवली, "ज्याचे जे हरवले असेल त्याने येऊन न्यावे!"

हे ऐकून राजाच्या कोठाराचा अधिकारी पुसणक कपाळाला हात लावून बसला. हा पुसणक जिभेने तिखट होता, पण कामात चोख.

"अहो वेलापाल, लक्ष्मी चालून आली तर तुम्ही तिला घरोघरी वाटत सुटलात! आणि खोटे बोलून कोणी नेले तर?"

"वस्तूत चांगले काय ते कोणीही सांगेल," बोधिसत्त्व म्हणाले. "वस्तूत खोट काय आहे, ते मी विचारतो. ते फक्त घरच्यालाच माहीत असते."

आणि खरेच, एक म्हातारी आली आणि म्हणाली, "माझ्या पाळण्याचा एक पाय आखूड आहे, खाली चिंधी घालावी लागते." पाळणा तिला मिळाला. जनावरांच्या बाबतीत तर काही विचारायचेच नव्हते. माणसाला उभे करायचे, जनावराला सोडायचे, ते आपणच धावत जाई. एका आडदांड कोळ्याने आपल्या शेळीच्या गळ्यात पडून लेकरासारखा हंबरडा फोडला, तेव्हा पुसणकही दुसरीकडे पाहू लागला.

मांडवात एक कावळाही होता. तो आपणहून येऊन बसला होता. जमिनीवर टाकलेले शीत तो उचलत नसे. हातावर धरले तरच खाई. त्याच्या एका पायाची कातडी झिजली होती.

"आता याचीही दवंडी पिटायची का?" पुसणकाने विचारले.

"पिटायची. हातावर खातो, म्हणजे कोणीतरी हातावर वाढवला आहे. त्याचेही माणूस त्याला शोधत असेल."

दवंडीवाला "कावळा हरवला आहे का कावळा" असे ओरडत गेला आणि त्या दुःखाच्या दिवसांतही लोक पोट धरून हसले. कावळा न्यायला मात्र कोणी आले नाही. येणार तरी कोण?

चतुर्दशीला सकाळी एक तरुण संकोचत मांडवात आला. त्याचा थोरला भाऊ सामिदत्त तारू घेऊन समुद्रात गेला होता आणि वादळानंतर त्या तारवाचे नुसते मोडके सुकाणू किनाऱ्याला लागले होते. काय समजायचे ते घरच्यांनी समजून घेतले होते. आज त्याचा दहावा होता.

"वेलापाल, पिंड मांडून केव्हाचे बसलोय," तो म्हणाला. "वादळात सगळे कावळे मेले हो. एक फिरकत नाही. तुमच्याकडे कावळा आहे म्हणे... घटकाभर उसना द्याल?"

बोधिसत्त्व हसले नाहीत. कावळ्याला हातावर घेऊन ते स्वतः खाडीकाठी गेले.

पिंडासमोर सामिदत्ताची बायको नागसिरी बसली होती. तिने वादळापासून आजपर्यंत खाडीच्या आतल्या आपल्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दवंडी तिच्या कानापर्यंत गेलीच नव्हती. बोधिसत्त्वांनी कावळा सोडला. तो पिंडाजवळ उतरला, त्याने मान वाकडी करून भाताकडे पाहिले, पण तो शिवला नाही. दिराने हात जोडले, "दादा, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार नाही." कावळा शिवला नाही. म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, "जीव अडकलाय ग त्याचा."

तेवढ्यात कावळा उडाला आणि थेट नागसिरीच्या खांद्यावर जाऊन तिच्या कानाशी केस ओढू लागला.

नागसिरीने मान वर केली. "अग बाई! काजळ्या? अरे, तू कुठून आलास?"

"ओळखतेस याला?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"ओळखू नको? घरट्यातून पडलेलं पिल्लू हातावर भरवून मी मोठं केलंय, दादा. आमच्या तारवावरचा दिशाकाक आहे हा. तारू वाट चुकलं की याला सोडतात. हा जिकडे उडेल तिकडे जमीन. एरवी माझ्या पदराची चिंधी पायाला बांधून याला तारवावर अडकवून ठेवतात."

बोधिसत्त्वांनी कावळ्याचा झिजलेला पाय पाहिला. त्यावर चिंधीचा एक धागाही नव्हता.

"मुली, ओली गाठ आपोआप सुटत नाही, उलट आवळते. तुटली असती तर तुकडा राहिला असता. ही गाठ माणसाच्या हाताने सोडली आहे."

"बुडता बुडता सोडली असेल," पुसणक म्हणाला. तोही मागोमाग आला होता. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! उगाच त्या बाईला आशा लावू नका." एवढे बोलून त्याची नजर कावळ्यावर गेली. मग खाली पाहत हळू म्हणाला, "पण नाही. हा आला तेव्हा वादळ सरून लख्ख ऊन पडले होते. समुद्रावरून कावळा येताना पाहून मला अपशकुन वाटला. मी त्याला शिंपला फेकून मारला होता. दक्षिणेकडच्या जुळ्या खडकांच्या बरोब्बर मधून आला तो."

वादळ सरल्यावर समुद्रात कोणीतरी जिवंत होते, आणि ते कोणत्या दिशेला, हेही आता कळले होते.

पण बंदरात शाबूत होडी एकच उरली होती, आणि त्याच दिवशी उत्तरेच्या टोकाला चंदनाचे ओंडके तरंगताना दिसले होते. पौर्णिमेच्या आत ते ओढून आणले तर राजाचे कोठार भरणार होते आणि बोधिसत्त्वांच्या सात पिढ्या बसून खाणार होत्या. नाही आणले तर ओहोटी त्यांना कुठल्या कुठे नेणार होती, आणि राजा जाब विचारणार होता तो वेगळाच.

"चंदन कोणाचे, हे उद्याही विचारता येईल," बोधिसत्त्व म्हणाले. "होडी दक्षिणेला काढा."

पहिले वल्हे पुसणकाने उचलले. उभ्या जन्मात त्याने वल्ह्याला हात लावला नव्हता!

नागसिरीने पिंडाचे ते पान कोणाला उचलू दिले नाही. दुसऱ्या दिवशी चंद्र उगवायच्या आधी होडी खाडीत शिरली, तेव्हा ती तिथेच बसली होती. एका उघड्या खडकावर, खळग्यांतले पावसाचे पाणी पिऊन आणि कालवे खाऊन सामिदत्त आणि त्याचे सोबती जिवंत राहिले होते. हाडांचे सापळे झाले होते, पण आपल्या पायांनी उतरले.

सामिदत्ताने काठावरचे पान पाहिले. "हा भात कोणाचा ग?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. नागसिरी रडत रडत हसली. "तुमचाच. काजळ्यानं शिवायला नकार दिला."

सामिदत्ताने त्या पिंडातली चिमूट तळहातावर घेऊन हात पुढे केला. कावळा उडत आला आणि सगळी शिते वेचून त्याने हात साफ केला.

चंदन वाहून गेले होते. राजाने बोलावून जाब विचारला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, समुद्राने टाकलेले राजाचे, हा आपला रिवाज खरा. पण समुद्र काही टाकत नाही. तो कोणाचे तरी हिरावून आणतो. ज्याचे त्याला पोचवणे, एवढेच आपल्या हाती असते." राजा सज्जन होता. त्याने तो रिवाज मोडला, आणि हरवलेल्या वस्तूंचा मांडव त्या किनाऱ्यावर कायमचा उभा राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या याच बोधिसत्त्वांनी, ही कथा सांगितली ती एका पुरानंतर. उत्तिय नावाचा भिक्षू चिखलात सापडलेली भांडी आणि शेळ्या घेऊन दारोदार त्यांचे धनी शोधत फिरत होता, आणि बाकीचे भिक्षू त्याला हसत होते, की भिक्षेला निघाला आहे की शेळ्या चारायला? शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, हसू नका. त्या वेळची नागसिरी म्हणजे आज जिची शेळी परत मिळाली ती उपासिका. सामिदत्त म्हणजे तिचा पती. वेलापाल मी होतो. आणि ज्याने कावळ्याला शिंपला मारला व मग पहिले वल्हे उचलले, तो पुसणक म्हणजे हा तुमचा उत्तिय. त्या दिवशी त्याने हाती घेतलेले काम अजून चालू आहे. यालाच करुणा म्हणतात."

भिक्षू उठले आणि त्यांनी उत्तियाच्या हातातली एक एक शेळी वाटून घेतली.