कुमुदकाकूंचा झोपाळा

एका कारखान्याच्या गावात कुमुद नावाची बाई राहत होती. तिच्या बैठकीत नवऱ्याने स्वतः घडवलेला सागवानी झोपाळा होता. नवरा गेल्यापासून तो हलला नव्हता. कामावर जाणाऱ्या आयांची मुलं सांभाळायला गावात कोणी नाही, हे पाहून कुमुदने घरीच पाळणाघर काढायचं ठरवलं आणि घराला पंख फुटले. भिंतींवर निळा रंग चढला. दारावर पाटी लागली. झोपाळ्याच्या कड्यांना तेल मिळालं.

राहिला होता विमा. पाळणाघरात एखाद्या मुलाला इजा झाली, तर उपचाराचा खर्च भरून देणारा.

"पाटीचं कुंकू वाळलं नाही, आणि पडण्याझडण्याची भाषा?" शेजारी राहणारी नणंद शालन म्हणाली.

"वन्सं, मूल म्हटलं की पडणारच. तुम्ही नव्हतात का पडला पेरूच्या झाडावरून? तुमच्या दादांनीच सांगितलं होतं मला."

दोन एजंट आले. पहिल्याचा विमा स्वस्त होता.

"झोपाळ्यावरून मूल पडलं तर?" कुमुदने विचारलं.

"ते यात बसत नाही. पण काकू, पायरीवरून पडलं म्हणायचं. कोण बघायला येतंय?"

दुसऱ्याने झोपाळा हलवून पाहिला. "याचा धोका धरावा लागेल, हप्ता वाढेल. आणि खाली जाड गाद्या घाला."

शालन कानाशी लागली. "वहिनी, पहिलाच घ्या. एक शब्द तर बदलायचा."

कुमुद झोपाळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोण बघायला येतंय म्हणे. घरभर मुलं असणार, वन्सं. ती दिवसभर बघतच असतात."

तिने दुसरा विमा घेतला आणि झोपाळ्याखाली गाद्या घातल्या. वाढलेल्या हप्त्यापायी रंगीत टेबल-खुर्च्या राहून गेल्या. त्याऐवजी चटया आल्या.

पाळणाघर सुरू झालं. सकाळ झाली की झोपाळ्यासाठी रांग लागे. बसूनच झोके घ्यायचे, हा नियम होता. एकदा कुमुद पाणी द्यायला वळली आणि छोटा ओजस झोपाळ्यावर उभा राहिला. तो पडला तो नेमका गादीबाहेर. हात मोडला. कुमुदने त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्या आईला बोलावून झालं ते सगळं सांगितलं. आई ओजसला उचलून तडक घरी घेऊन गेली. आता पाटी उतरवावी लागणार, असं कुमुदला वाटलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. ओजसला घेऊन त्याची आईही आली.

"मूल कुठून पडलं?"

कुमुद तोंड उघडणार, तोच चटईवरची सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "झोपाळ्यावरून!" एकाने तर पडूनही दाखवलं.

माणूस हसला. "झोपाळा विम्यात आहे. खर्च मिळेल."

शालनने पदराने कपाळ पुसलं. "बरं झालं वहिनी, माझं ऐकलं नाहीत."

ओजसची आई कुमुदजवळ आली. "प्लास्टर निघालं की याला पाठवते, काकू. तोवर झोपाळा काढू नका."

ओजसने प्लास्टरचा हात झोपाळ्यासाठी पुन्हा लागलेल्या रांगेपुढे धरला. "माझा नंबर कोणी घ्यायचा नाही."

तात्पर्य: धोका असेल तो आधीच उघड सांगून त्याची सोय करावी, खोट्याच्या भरवशावर घेतलेलं स्वस्त संरक्षण ऐन वेळी पाठ फिरवतं.